बोट टेकण्यापुरती कड

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हातारी टेबलं गोडगोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी बाजूला ठेवा.

एका सुताराने मला सागवानात घडवलं. माझी कड त्याने इतकी घासली, की तलम कापडाचा धागाही तिच्यात अडकू नये. मी शिंप्याच्या घरी आलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्यावर त्यांनी कापड बेतलं, खडूने रेघा ओढल्या, लग्नाचे कोट कापले. गिऱ्हाइकं तारीफ करायची मास्तरांची, आणि माझ्या वाट्याला यायचे इस्त्रीचे चटके. पण तेव्हा माझी काही तक्रार नव्हती.

मग मास्तरांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, हळूहळू समोरचंही गेलं. मित्रांनो, डोळे नुसते बघण्यासाठी नसतात. आपण सरळ उभे आहोत की कललो आहोत, हेही ते शरीराला सांगत असतात. ते गेल्यावर मास्तर स्वतःच्याच घरात डुलायला लागले. पावलं आखूड झाली. पण त्यांनीच त्यावर तोड काढली. खाटेवरून उठायचं, माझ्या कडेवर एक बोट टेकायचं आणि दारापर्यंत जायचं. भार टाकायचा नाही, नुसतं बोट. फरशी तळव्यांना कळायची, कड बोटाला कळायची आणि मास्तर ताठ चालायचे. दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची फिरकी घेणं हा त्यांचा उद्योग. पँट जमिनीला घासल्याचा आवाज आला की म्हणायचे, दोन बोटं आखूड करून घे, रस्ता झाडायला माणूस आहे.

मग घरच्यांच्या मायेला भरतं आलं. मास्तर लेकीकडे राहायला गेले होते, तेवढ्यात मुलाने आणि सुनेने त्यांची खोली मोकळी केली. टेबलाचा कोपरा लागेल म्हणून मला मागच्या गॅलरीत ढकललं. पडले तर लागू नये म्हणून फरशीवर जाड, मऊ गालिचा अंथरला. मास्तरांना विचारलं का? छे! त्यांच्या भल्याचंच होतं ना सगळं!

मास्तर परतले. खाटेवरून उठून सवयीने हात पुढे केला, तर हाताला काहीच लागलं नाही. पायाखाली सगळं मऊ, त्यामुळे तळव्यांनाही काही कळेना. आपण कललोय हे लक्षात यायच्या आत ते पडले. मनगट मोडलं. सून म्हणाली, बरं झालं टेबल हलवलं, नाहीतर डोकंच फुटलं असतं. मला दात नाहीत, नाहीतर मी दातओठ खाल्ले असते.

मनगट बांधून आल्यावर मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि उठायची बंदी केली. कुठे जायचं झालं की मुलगा दंड धरून ओढायचा. असं ओढल्यावर डोळस माणसाचाही तोल जाईल! भीक नको पण कुत्रं आवर, अशी मास्तरांची गत झाली. ते डुलले की सगळे म्हणायचे, वयच झालं आता. माझ्यावर कुंड्या आल्या. दाराशी मात्र मास्तर गेले नाहीत.

एकदा मुलगा त्यांना उन्हात बसवायला गॅलरीत घेऊन आला. मास्तर त्याला म्हणाले, "डोळे मीट आणि एका पायावर उभा राहा."

मुलगा हसला, पण उभा राहिला. लगेच डुलला आणि त्याचा हात फटकन माझ्या कडेवर आला.

"काय धरलंस?"

"टेबल. पडलो असतो, बाबा."

"मग माझं का नेलंस?"

 त्याच दिवशी मुलाने कुंड्या उतरवल्या, गालिचा गुंडाळला आणि मला परत जागेवर ठेवलं. मास्तर पुन्हा दारापर्यंत जायला लागले आहेत, पण आता हळू जातात.

मित्रांनो, ज्याला दिसत नाही त्याच्या घरातली वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवू नका. त्याला ओढू नका. तुमचा हात त्याला धरू द्या. हे सांगूनही माझा राग जात नाही. मास्तर हल्ली उठण्याआधी खाटेच्या काठावर थांबतात आणि रिकाम्या खोलीत विचारतात, "टेबल आहे ना जागेवर?" पूर्वी त्यांना हे कधी विचारावं लागलं नव्हतं. मी असतो हो तिथेच. पण त्यांना सांगू कसा?