अर्धे दाणे

“‘आ’ म्हणजे आईवर गेलेले. बरोबर ना?”

साहेबांच्या हातात तिच्या खणातली, ‘आ’ लिहिलेली पुडी होती. बाळंतपणाची रजा संपवून ती त्याच सकाळी गहू-संशोधनाच्या प्रयोगशाळेत परतली होती. खांद्याला अजून दुधाचा वास येत होता.

नव्या संकराचा एकेक दाणा तिने ब्लेडने अर्धा कापला होता. एक अर्धा परीक्षानळीत, कोंबाकडचा अर्धा पुडीत. कुठल्या दाण्याने आईची ताणली जाणारी कणीक उचलली आणि कुठला बापाच्या तुटक्या पिठावर गेला, ते पेरायच्या आधीच कळावं म्हणून. पोट टेबलाला टेकेपर्यंत ती कापत होती.

आता भिंतीवर या कामाचा अहवाल लागला होता. खाली एकच नाव, साहेबांचं.

“माझं नाव नाही यात.”

“तू घरी होतीस ना. आता बाळाकडे बघ, नावाचं काय घेऊन बसलीस. हां, तर ‘आ’ म्हणजे आई?”

खुणा तिच्या होत्या. ‘आ’ म्हणजे आखूड, ताणलं की तुटणारं. ‘लां’ म्हणजे लांब.

“तुम्ही म्हणाल तसं, साहेब.”

त्यांनी ‘आ’ पेरलं. ‘लां’ची पुडी तिने खणात पार मागे सरकवली. ती पेरायला वाफा मागितला असता, तर सगळंच उघडं पडलं असतं.

तीन हंगाम साहेब नुसता एकरी उतारा मोजत राहिले. आईवरच गेलंय, पिठाचं काय बघायचं? घरी छोटीला भरवता भरवता तिला मध्येच हसू यायचं.

“काय गं आई?”

“काही नाही. आ कर.”

वाण दाखवायच्या दिवशी पाच पाहुणे आले. कणीक मळायला अर्थातच ती. तिने पाणी थेंबाथेंबाने मोजलं, जीव लावून मळलं. दोषाचं बोट तिच्या मळण्याकडे वळायला नको होतं.

साहेबांनी गोळा दोन्ही हातांनी ताणला. चार बोटं गेला आणि तुटला. दुसरा तीन बोटांतच.

“आईवर गेलंय म्हणालात ना?” पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या. कुणीतरी उगाच खोकलं.

साहेब तिच्याकडे वळले. “ते ‘आ’...”

“आखूड, साहेब.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“मी घरी होते ना.”

त्या संध्याकाळी ‘लां’ची पुडी तिने घरी आणली. तीन वर्षं खणात पडून राहिलेले एकेचाळीस अर्धे दाणे ताटलीत ओल्या फडक्यावर मांडले. छोटी रोज उठल्याबरोबर ताटलीपाशी जाऊन बसायची.

सातव्या दिवशी दाणे नुसतेच फुगले होते. आंबूस वास सुटला होता. कोंब एकालाही नव्हता.

छोटीने एक चिमटीत धरला. “याचा दुसरा अर्धा कुठेय?”

“मी कापला,” ती म्हणाली, आणि फडकं पुन्हा ओलं केलं.