सहदेवच्या होडीत नऊ माणसं

मितेश माझ्या भावाचा मुलगा. पुण्याची नोकरी घरून करायला मालवणला आला आणि आठ दिवसांत जेट्टीवरचा फळा त्याच्या डोळ्यांत खुपू लागला. होडी समुद्रात गेली की तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, नाव त्या फळ्यावर खडूने लिहायचं आणि परतल्यावर त्याने स्वतःच्या ओल्या हाताने ते पुसायचं. दुसऱ्याने पुसायचं नाही, ही रीत मी लहानपणापासून पाहत आले. मितेशने फळा बर्फाच्या शेडमागे टाकला आणि त्या जागी होड्यांची खबर दाखवणारी स्क्रीन लावली.

तिचा प्रोग्राम लिस्प ह्या जुन्या संगणकी भाषेत. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत एकोणीस वर्षं मी लिस्पच लिहिलं. तेव्हा मशीनवर पाळी आठवड्यातून दोनदा यायची, म्हणून आमचे साहेब प्रत्येक मॅक्रो, म्हणजे कोड लिहून देणारा कोड, आधी वहीत हाताने उलगडून घ्यायचे: त्यातून नेमका कोणता कोड निघतो ते लिहून.

"आत्या, तेव्हा तुमच्याकडे वेळ होता," मितेश म्हणाला.

होडीवरून संदेश आला की त्याचे तुकडे तांडेल, माणसं, अवस्था अशा तीन नावांखाली एका दमात भरणारा मॅक्रो त्याने लिहिला होता. त्या एका ओळीचं कौतुक इतकं की जेवतानाही लॅपटॉप ताटाशेजारी.

"उलगडून बघितलंस?"

"चाचणीत बरोबर आलं ना."

बुधवारी दुपारी वारा फिरला. होड्या घाईने परतू लागल्या. चारच्या सुमारास शेजारची गोदूबाई पडवीत आली.

"सहदेव हंय इलो काय गो? मितेशच्या टीव्हीर परत इलो म्हणान दाखवता. होडी खंय दिसणा नाय."

सहदेव तिचा एकुलता एक. मी लॅपटॉप ओढला. सहदेव, माणसं नऊ, परत.

सहदेवच्या होडीत तिघं असतात. नऊ बसले तर ती जेट्टीलाच बुडेल. एवढं शेंबड्या पोराला कळेल, पण ह्याच्या प्रोग्रामला नाही.

आलेले मूळ संदेश उघडले. तीन वाजून दहा मिनिटं: सहदेव, तीन, इंजिन बंद. त्यामागचा एका ट्रॉलरचा, नऊ माणसांचा. त्यामागचा तिसऱ्याच होडीचा, परत आल्याचा.

खरं तर त्या मॅक्रोने करायला हवं होतं ते एवढंच. 'रांगेतला पुढचा संदेश काढ' हे वाक्य एकदाच चालवून, आलेला संदेश बाजूला ठेवायचा आणि मग त्याचे तीन तुकडे वाटायचे. मितेशच्या मॅक्रोने ते वाक्यच तिन्ही नावांपुढे चिकटवलं. म्हणजे टोपलीत तीनदा हात: डोकं सुरमईचं, मधला तुकडा बांगड्याचा, शेपूट तिसऱ्याच माशाचं. चाचणीत टोपलीत एकच मासा होता.

"अरे बापरे," मितेश म्हणाला. "संदेश एकदाच काढून आधी एका वेगळ्या नावात ठेवायला हवा होता."

"हे मी पंच्याऐंशी साली वहीत लिहायचे. तू ट्रॉलरवाल्या धनेशला फोन लाव."

धनेश ट्रॉलर घेऊन निघाला. आम्ही जेट्टीवर गेलो. गोदूने शेडमागचा फळा ओढून आणला आणि खडू माझ्या हातात दिला. "लिव." मी सहदेवचं नाव लिहिलं. स्क्रीनवर तो अजून परतलेलाच होता. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

सहाला धनेश होडी ओढत आला. तिघंही भिजलेले, पण धड. सहदेव वर चढला, फळा पाहिला आणि ओल्या तळहाताने आपलं नाव पुसलं.

"आत्या, नवा मॅक्रो तयार आहे," मितेश म्हणाला. "दोन मिनिटांत चढवतो."

"आधी हाताने उलगडून दाखव."

त्याने खिसे चाचपले. संगणकाच्या ह्या पंडिताकडे पेन नव्हतं. गोदूने माझ्या हातातला खडू घेऊन त्याच्यापुढे धरला.

"घे. आनि मोठ्या अक्षरात लिव."