योगेशच्या गाण्याचा भावार्थ

आमच्या मराठी मंडळात कुणी मराठी गाणं म्हणणार असेल, तर आधी माइकवर त्याचा हिंदीत भावार्थ सांगतात. जबलपूरच्या आमच्या पोरांना आईचं रागावणं मराठीत कळतं, गाणं कळत नाही. म्हणून ही रीत. ते काम माझ्याकडे आहे. मी यवतमाळचा, आणि माझ्यासारखं मराठी इथे कुणाचं नाही. हे मलाच सांगावं लागतं, दुसरं कुणी सांगत नाही.

यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात माझी बायको अमिता गाणार होती. गाणं योगेशने लिहिलेलं, चाल त्याची, पेटीवरही तोच. राइट टाउनमध्ये अमिता ज्या शाळेत शिकवते तिथेच तो संगीत शिकवतो. सडसडीत, अबोल, खाली मान घालून चालणारा. अशा माणसांचा मला भरवसा वाटत नाही. वर तिला दीदी म्हणतो.

भावार्थ तयार करायचा म्हणून मी जेवताना गाण्याचा कागद समोर घेतला.

*केसांत लेखणी खोचून तू*
*उन्हाकडे पाठ करून बसतेस*

हातातला घास मी ताटात परत ठेवला. अमिता पेपर तपासायला बसली की अंबाड्यात पेन खोचते आणि पाठीवर ऊन घेते. घरी गच्चीवर, शाळेत मैदानाच्या कडेला. इतकी वर्षं मीही ते पाहत आलो. मला वाटायचं, पेन हरवतं म्हणून खोचते. पुढचं कडवं तर थेट तिलवाऱ्याच्या पुलाचं.

*पुलावर थांबून पाण्याला*
*केसांतलं फूल देतेस*
*एकदा मागे वळून बघ*
*मीही काठावर उभा आहे*

पुलावरून नर्मदेत नाणं टाकणारे हजार असतील. गाडी थांबवून, खाली उतरून केसांतलं फूल सोडणारी मी एकच पाहिली आहे. शाळेची सहल नुकतीच तिकडे गेली होती, आणि सोबत कोण होतं हे मला विचारायचीही गरज नव्हती. अंगाचा तिळपापड झाला. कागद घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो.

अमिता लाडवांसाठी तीळ भाजत गुणगुणत होती.

"हे कुणावर लिहिलंय?" मी विचारलं.

"कुणावर म्हणजे? प्रेमावर असन."

"प्रेम कुणावर?"

ती हसली. "काहून असं करून राहिले तुम्ही? गाणं आहे ते. मी तर सुरावरच ध्यान देऊन राहिली."

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण नेपियर टाउनमध्ये माझा कोचिंग क्लास आहे, आणि पटेपर्यंत समजावायची मला सवय आहे. मी एकेक ओळ घेतली. हे पेन कुणाचं? हे ऊन कुठलं? फूल कोण सोडतं? ती आधी हसत होती, मग नुसतं ऐकत होती.

"आणि शेवट बघ," मी म्हणालो. "मागे वळून बघ, म्हणतो. म्हणजे तू आजवर बघितलं नाहीस. आणि तो उभाच आहे."

तीळ करपल्याचा वास आला. तिने गॅस बंद केला. हात केसांकडे गेला, पेन तिथेच होतं. तिने ते काढलं, जरा वेळ पाहिलं आणि परत खोचलं.

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच.

मला वाटलं, पटलं तिला. आणि पटलंच होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. माझ्या बायकोचे केस असे चारचौघांत उलगडून दाखवायला मी काही खुळा नव्हतो. माइक हातात घेतला आणि सांगितलं, "यह गीत माँ नर्मदा की स्तुति है।" लेखणी म्हणजे ज्ञान, फूल म्हणजे समर्पण, काठावर उभा आहे तो भक्त. पोरं गप्प झाली. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब यांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांचं पाहून सगळ्यांनी जोडले. योगेशने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला बरं वाटलं. मी खाली येऊन भय्यासाहेबांशेजारी बसलो.

मग अमिता गायली. घरी सरावाला ती पाढे म्हटल्यासारखं गायची, बिनचूक आणि कोरडं. आज तिचा आवाज पहिल्या ओळीलाच भरून आला. कुठल्या शब्दावर थांबायचं, कुठला हळू म्हणायचा, तिला सगळं कळत होतं. मी ज्या ज्या शब्दावर बोट ठेवलं होतं, नेमक्या त्याच शब्दांवर ती रेंगाळत होती. हेव्याने माझे कान तापले. माझ्यासाठी ती असं कधीच गायली नव्हती.

शेवटच्या ओळी आल्या. *एकदा मागे वळून बघ.* योगेश तिच्या मागे पेटी घेऊन बसला होता. अमिता गाता गाता वळली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. पेटी थांबली, तरी ती गात होती.

हॉलमध्ये सगळे हात जोडून बसले होते. भय्यासाहेबांनी डोळे पुसले आणि ते माझ्या कानाशी वाकले.

"धनेशराव, अर्थ सांगावा तर तुम्हीच. पाहा, पोरीच्या थेट काळजात उतरला."

आजूबाजूचे सगळे माझ्याकडे पाहू लागले, म्हणून मीही हात जोडले.