तीन दिवस झोपवून ठेवावे

आमच्या मेडिकल कॉलेजात डॉक्टरची किंमत ठरते ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. तिथे आकडेशास्त्री बसतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर तेही वळून बघत नाहीत. बढतीचं वर्ष आलं की भलेभले त्यांच्या दारात उभे. तुम्ही किती पेपर लिहिले, कुणाकुणाबरोबर लिहिले, आणि तुमच्या पेपरचा दाखला जगात किती जणांनी आपापल्या पेपरात दिला, हे सगळं ते कॉम्प्युटरमधून काढतात आणि एका कागदावर छापून देतात. निवड समितीचा त्या कागदावर विश्वास असतो. तुमच्यावर असेलच असं नाही.

मी वृद्धांच्या विभागात डॉक्टर आहे. हाड मोडून ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. माझ्या ताब्यात दोन खोल्या, एक नर्स, एक फिजिओथेरपिस्ट आणि धरून चालायला भिंतीला ठोकलेला लांब लाकडी कठडा. प्राध्यापक होण्याची ही माझी शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. पद मिळालं तर खोल्या राहणार, नाहीतर त्या शेजारच्या विभागातल्या सरांच्या घशात जाणार. हे सर म्हणजे एका पायजम्यातून सहा रुमाल काढणारे. अभ्यास एक, पेपर सहा, आणि प्रत्येकावर इतके सहलेखक की त्यातले निम्मे रस्त्यात भेटले तर सर त्यांना ओळखायचे नाहीत. माझे सहलेखक दोनच, तीच नर्स आणि तोच फिजिओथेरपिस्ट. त्यामुळे कागद घ्यायला गेले ती तोंड पाडूनच.

"काय मॅडम, चेहरा का असा?" आकडेशास्त्री म्हणाले. "पेपर तुमचे मोजकेच. सहलेखकांचं तर बोलूच नका. पण दाखल्यांत तुम्ही सगळ्यांच्या वर! एका पेपरने तारलंय तुम्हाला."

तो पेपर जुना होता. हृदयाचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं की त्याला तीन दिवस झोपवून ठेवायचं, अशी पूर्वी रीत होती. आम्ही अशा माणसांना दुसऱ्याच दिवशी सकाळी पलंगाच्या काठावर बसवलं आणि संध्याकाळी उभं केलं. कुणाच्याही हृदयाला काही झालं नाही. उलट जे झोपून राहिले त्यांच्या छातीत कफ साठला, पाठीला जखमा झाल्या आणि बरेच जण नंतर कधी नीट चाललेच नाहीत. एवढंच त्या पेपरात होतं, पण त्यासाठी आम्ही तिघांनी जिवाचं रान केलं होतं. अंगावर मूठभर मांस चढवून मी घरी गेले आणि नवऱ्याला दोनदा सगळं ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. सासूबाई महिनाभर तिच्याकडे राहायला गेल्या होत्या, दुसऱ्या गावी.

"वहिनी, घाबरू नकोस हं. आई बाथरूममध्ये घसरली. खुबा मोडला. पण ऑपरेशन छान झालंय. परवाच झालं."

"परवा? आणि मला आज सांगतेस?"

"आईच म्हणाली, तिची बढतीची मुलाखत आहे, तिला काही कळवू नका. आणि आता काळजी नाही. हृदयाचा त्रास आहे ना तिला, म्हणून डॉक्टरांनी तीन दिवस जागचं हलवायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कुठल्या शहाण्याने सांगितलं?" माझा पारा चढला.

"अगं, अभ्यास झालाय म्हणे त्यावर."

मी मिळेल ती गाडी पकडली. पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. माझ्या सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. उभी हयात कानाला फोन लावून काढली. आवाज असा खणखणीत की घरात त्या हळू बोलल्या तरी शेजारी उत्तर द्यायचे. तो आवाज खोल गेला होता, आणि श्वास घेताना छाती घुरघुरत होती. टाचेला हात लावला तर कातडी लाल, मऊ पडलेली. मला रडू आलं नाही, संताप आला. मी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला गाठलं.

"ह्यांना अजून बसवलं का नाही?"

"मॅडम, आम्ही मनाने काही करत नाही," तो बिचारा अदबीने म्हणाला. "पुरावा आहे." आणि त्याने भिंतीवरच्या प्लॅस्टिक चढवलेल्या सूचनेकडे बोट केलं. हृदयरोगी वृद्ध: तीन दिवस झोपवून ठेवावे. खाली बारीक अक्षरात आधार दिला होता. माझं आडनाव, माझी आद्याक्षरं, माझा पेपर.

"हे कुणी लिहिलंय, माहीत आहे तुम्हाला?"

"आहेत कुणीतरी मोठ्या तज्ज्ञ. ह्या पेपरला खूप दाखले आहेत, मॅडम."

"ती तज्ज्ञ तुमच्यासमोर उभी आहे. आणि मी असं काहीही लिहिलेलं नाही!"

पण लिहिलेलं होतं. तिथेच तर सगळी गोम होती. माझ्या पेपरच्या पहिल्या परिच्छेदात वाक्य होतं की अशा रुग्णांना तीन दिवस झोपवून ठेवावे असे मानले जाते. जुने पंडित वाद घालताना आधी समोरच्याचं म्हणणं मांडत, आणि मग ते खोडून काढत. पहिल्याला पूर्वपक्ष म्हणत. मी पूर्वपक्ष मांडला होता आणि पुढची सगळी पानं तो खोडण्यात घालवली होती. कुणीतरी पहिला परिच्छेद तेवढा वाचला, "असे मानले जाते" गाळलं आणि माझ्या नावावर खपवलं. दुसऱ्याने पहिल्याचं पाहून लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं.

"तू लिहिलंस होय ते?" पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला. "घरी तर मला मेलं एका जागी बसू देत नाहीस."

मी आणि वॉर्डातल्या नर्सने मिळून त्यांना काठावर बसवलं, मग उभं करायला गेलो. गुडघे पार लटपटले. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर काळानिळा पडला. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. ह्या बाईने आयुष्यात कधी कशाला 'राहू दे' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंना घेऊन घरी परत आल्यावर मी आधी ग्रंथालय गाठलं. आकडेशास्त्रींना म्हटलं, नुसते आकडे नकोत, प्रत्येकाने माझ्या नावावर काय लिहिलंय ते वाक्य काढून द्या. ते कुरकुरले, पण बसले. आम्ही वाचत गेलो. तीन दिवस झोपवावे. तीन दिवस विश्रांती आवश्यक. तीन दिवस. अधूनमधून एखादा शहाणा भेटायचा, ज्याने पेपर शेवटपर्यंत वाचला होता. बाकी सगळे एका माळेचे मणी.

"मशीन मोजतं, मॅडम, वाचत नाही," आकडेशास्त्री चष्मा पुसत म्हणाले. "चुकीचे दाखले वगळले तर तुम्ही पात्रतेच्या रेषेखाली जाता. पण वगळायला सांगतंय कोण तुम्हाला?"

नवऱ्याचंही तेच. "आधी खुर्ची, मग खुलासा," तो म्हणाला. "खुर्चीवर बसून बोललीस तर लोक ऐकतील तरी." म्हणणं चुकीचं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची हवी होती. त्या दोन खोल्या मी रक्त आटवून उभ्या केल्या होत्या. मी ठरवून टाकलं की मुलाखतीत गप्प बसायचं आणि पद मिळालं की दुसऱ्याच दिवशी सगळीकडे लिहायचं.

मुलाखत छान चालली. समितीचे अध्यक्ष कागदावर बोट ठेवून म्हणाले, "सहलेखक कमी आहेत, पण दाखले उत्तम आहेत. ह्या एका पेपरचा प्रभाव फारच दिसतो. प्रत्यक्ष रुग्णांवर त्याचा काय परिणाम झाला, ते जरा सांगता का?"

उत्तर मी पाठ करून आले होते. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"माझ्या सासूबाई तीन दिवस उताण्या पडून होत्या," मी म्हणाले. "आता त्यांना धरल्याशिवाय चालता येत नाही."

मग सगळंच सांगितलं. कॉलेजने स्वतः त्या हॉस्पिटलांना कळवावं असंही सांगितलं. अध्यक्षांनी कागद पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला. मग विचारलं, "म्हणजे बहुतेक दाखले चुकीचे आहेत, असं तुमचंच म्हणणं आहे?"

"हो."

"मग ते आम्हाला धरता येणार नाहीत."

"नका धरू. पण जी माणसं माझ्या नावावर आडवी झालीत, त्यांना उठवा तरी!"

"तो ह्या समितीचा विषय नाही," ते म्हणाले, आणि कागद उलटा ठेवला.

पद शेजारच्या सरांना मिळालं. मी बाथरूममध्ये नळ सोडून पोटभर रडले. सतीचं वाण कुणी घ्यायला सांगितलं होतं, असं स्वतःलाच विचारलं. नियतकालिकाला खुलासा पाठवला, तो त्यांनी कुठल्याशा अंकाच्या तळाशी छापला. जिथे मूळ पेपर कुणी वाचला नव्हता तिथे तळातला खुलासा कोण वाचणार? महिन्याभरात सरांची माणसं खोल्या ताब्यात घ्यायला आली. भिंतीवरचा कठडा त्यांना अडगळ वाटत होता. मी म्हटलं, मला द्या. नवऱ्याने तो घरच्या बोळकांडीत ठोकला, सासूबाईंच्या खोलीपासून हॉलपर्यंत. तेवढंच आता त्यांचं चालणं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

एका रविवारी सकाळी आकडेशास्त्री घरी आले. कधी कुणाच्या घरी न जाणारा माणूस, चपला दारात काढून कितीतरी वेळ उभाच राहिला. मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. माझ्या नावावर चुकीचं लिहिणारे सगळे डॉक्टर, त्यांची हॉस्पिटलं, वॉर्डांचे फोन नंबर.

"दाखला देणाऱ्याचा पत्ता असतोच ना मशीनकडे," ते म्हणाले. "खुलासा कुणी वाचणार नाही, मॅडम. फोन केला तर ऐकतील."

"इतके फोन? मी मेले!" मी म्हटलं. "दवाखाना कधी बघू, घर कधी बघू?"

"आण इकडे तो गठ्ठा," खोलीतून आवाज आला. बऱ्याच दिवसांनी खणखणीत. "फोन लावणं कुणी मला शिकवू नका."

तेव्हापासून रोज सकाळी अंघोळ झाली की सासूबाई फोन घेऊन कठड्याला उभ्या राहतात. बसून बोला म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, झोपून ऐकवण्यासारखी गोष्ट आहे का ही? "नमस्कार. तुमच्या वॉर्डात म्हाताऱ्यांना तीन दिवस झोपवता ना? ते जिच्या नावावर झोपवता, तिची मी सासू बोलतेय." पलीकडचा माणूस आधी हसतो. मग डॉक्टर येतो, मग त्या फोन माझ्या हातात देतात. काही ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून उठवायला लागले. काही ठिकाणी आमच्यावरच उखडले.

काल एक मोठे डॉक्टर फोनवर आले. मी अंघोळीला होते, म्हणून सासूबाईच बोलत होत्या. बाहेर आले तेव्हा त्यांचा एक हात कठड्यावर होता आणि पाय थरथरत होते. फोनमधून त्या डॉक्टरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आजी, तुमचं म्हणणं कळलं, पण आम्हाला असं तोंडी चालत नाही. ह्याला दाखला काय?"

"दाखला मी," सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस झोपून होते. आता कठड्याला धरून उभी आहे, आणि फार वेळ उभं राहवत नाही. तेव्हा पटकन लिहून घ्या."