इस्तंबूलला उशिरा पोचलेला कूजा

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. आमच्या तंजावरात मला कूजा म्हणतात. कुंभकोणमच्या एका कासाराने मला पितळेत घडवलं, गळ्याभोवती वेलबुट्टी कोरली, झाकणाला आटे पाडले आणि वर कडी बसवली. जयश्रीबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर मेलवीदी या रस्त्यावरच्या घरी आलो.

मित्रांनो, बहुतेक भांड्यांचा जन्म चुलीपासून मोरीपर्यंत जातो. मी मात्र शहरं पाहिली. जयश्रीबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. नकाशावर बोट ठेवून ज्या शहराचं नाव सांगायचं, ते एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, अशी त्यांना हौस. त्यांचे यजमान अनिरुद्धराव सरकारी कचेरीत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुळियोदरैचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा डबा आणि पाण्याने भरलेला मी, असे आम्ही निघायचो.

म्हैसूर त्यांचं लाडकं. संध्याकाळी राजवाड्याचे सगळे दिवे एकदम लागले, तेव्हा त्यांनी मला छातीशी घट्ट धरलं होतं. उदयपूरला तळ्याच्या पायरीवर त्या इतका वेळ बसल्या, की अनिरुद्धराव दोनदा हाक मारून थकले. परदेशात पहिलं शहर कँडी. गाडी चहाच्या मळ्यांतून वर चढत होती आणि बाई खिडकी सोडायला तयार नव्हत्या. स्टेशनावर लोक मला पाहून विचारायचे, "असा कूजा आता कुठे मिळतो?" मी चिंचेने घासलेला, लखलखीत. मला फार अभिमान वाटायचा.

पण एक शहर राहिलं होतं. इस्तंबूल. मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी, एका तीरावर आशिया, दुसऱ्यावर युरोप. बाई वर्गात दरवर्षी ते शिकवायच्या आणि घरी आल्यावर म्हणायच्या, "अहो, ह्या वर्षी जाऊं या कां?"

"जाऊं की," अनिरुद्धराव म्हणायचे. "पुढच्या वर्षी."

माणूस वाईट नव्हता. पण त्यांना वाटायचं, शहर कुठे पळून जातंय?

मग बाईंना दाराच्या चौकटी लागू लागल्या. कडेने येणारी मोपेड दिसेना. मदुरैच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळू. पण बघायचं असेल ते लवकर बघून घ्या." मी तेव्हा अनिरुद्धरावांच्या पायाशी, पिशवीत होतो. त्यांनी मान हलवली. गाडीत बाईंना आपल्या हाताने पाणी ओतून दिलं.

त्या वर्षी घराच्या वरच्या मजल्याचं काम निघालं होतं. "मजला होऊं दे," ते म्हणाले. मजला झाला. मग निवृत्ती जवळ आली. "पेन्शन लागूं दे." मग साथ आली आणि सगळं जगच घरात बसलं. साथ ओसरली, तर त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मी माळ्यावर काळा पडत होतो. पाली माझ्यावरून धावायच्या.

त्यांची मुलगी विनुता कोइंबतूरला असते. एकदा ती घरी आली, जेवता जेवता हात थांबवून म्हणाली, "अप्पा, अम्मा थांबेल. तिचे डोळे थांबतील कां?"

विनुतानेच तिकिटं काढली. बाई म्हणाल्या, "कूजा खाली काढ गे." मला घासलं, पुसलं. विमानतळावर एका शिपायाने माझं झाकण उघडून आत वाकून पाहिलं आणि तो हसला.

पण आम्ही पोचलो तेव्हा बाईंना उजेड आणि सावली, एवढंच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोटीत बसलो. विनुता तिकिटांच्या खिडकीपाशी मागे रेंगाळली. बाईंच्या मांडीवर मी, शेजारी अनिरुद्धराव. पाखरं ओरडत होती, भोंगा वाजला.

"सांगा," बाई म्हणाल्या.

"मशीद आहे. मोठी आहे."

"मोठी म्हणजे? आपल्या मोठ्या देवळाएवढी, पेरिय कोविलाएवढी?"

"तशी उभी नाहीं. गोल. कढई उपडी ठेवल्यासारखी. बाजूला सुयांसारखे मनोरे."

बाई हसल्या. "आणि पाणी? पाणी कसं दिसतं?"

अनिरुद्धराव पाण्याकडे पाहत राहिले. मग ते बाईंकडे वळले. "जयश्री, तुझे डोळे मी घालवले."

मला वाटलं, बाई त्यांची समजूत घालतील. इतक्या वर्षांत त्या नेहमी तसंच करत आल्या होत्या. पण त्यांचे हात माझ्या कडीवर घट्ट झाले.

"डोळे रोगानं गेले," त्या हळू म्हणाल्या. "वर्षं तुम्ही घालवलीं."

समोरून दुसरी बोट गेली. तिच्या लाटेने आमची बोट हलली. बाईंनी चाचपडत नवऱ्याचा हात शोधला आणि धरला. "आतां बोला. पाणी कसं आहे?"

मग ते बोलले. अडखळत, चुकत, एकच गोष्ट दोनदा सांगत, पलीकडचा धक्का येईपर्यंत बोलत राहिले.

तंजावरला परतल्यावर शाळेतल्या जुन्या सोबतीण भागीरथीबाई भेटायला आल्या. "टीचर, इस्तंबूल कसं आहे?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"ह्यांना विचारा," बाई शांतपणे म्हणाल्या. "बघितलं त्यांनीं."

अनिरुद्धराव उठून कॉफी आणायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता मी काचेच्या कपाटात असतो. माझ्यात कुणी पाणी भरत नाही. त्याचं मला थोडं वाईट वाटतं, पण माझं काय? मी पितळ आहे. आतली कल्हई गेली तर पुन्हा लावता येते, काळा पडलो तर चिंच आहे. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी एखाद्या गावाचं, शहराचं नाव पुन्हा पुन्हा घेत असेल, तर ते कान देऊन ऐका. आणि त्या माणसाला ते पाहता येत असेपर्यंत घेऊन जा. शहरं थांबतात. त्यांना घाई नसते.