बाक फिरले तेव्हापासून

मी एक जुना फळा आहे आणि मी जळकुकडा आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आत्मकथा सांगणारी मंडळी स्वतःला फार सोज्वळ दाखवतात. छत्री म्हणते मी दुसऱ्यांसाठी भिजले, खोडरबर म्हणतो मी दुसऱ्यांसाठी झिजलो. झिजलो तर मीही. पण मला त्याचं कौतुक हवं होतं, आणि ते दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ लागलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका सुताराने पाच फळ्या जोडून मला तयार केलं. रंधा मारून झाला की तो माझ्यावर गाल टेकवायचा आणि एक डोळा मिटून बघायचा, कुठे उंचवटा राहिला का म्हणून. मग रंगाऱ्याने मला काळ्या रंगाचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळला की तो मला पॉलिश पेपरने घासायचा.

"अरे, जरा चकाकू दे की," सुतार म्हणाला.

"चकाकला तर खडू घसरेल," रंगारी म्हणाला. "फळा खरखरीतच लागतो."

चकाकणाऱ्यांबद्दल माझं मत तेव्हापासूनच वाईट आहे.

सातवीच्या वर्गात मला टांगलं त्याला एकतीस वर्षं झाली. वर्ग व्हरांड्याच्या टोकाला आहे. एका बाजूला तीन खिडक्या, दुसऱ्या बाजूला दार, आणि समोर एकोणीस बाक. एकतीस वर्षं प्रत्येक पोराने माझ्याकडे तोंड करून बसावं, ही माझ्या मते जगाची रीतच होती. पोरं पेंगली तरी माझ्याकडे तोंड करून पेंगत. मला तेवढं पुरत होतं.

अकरा वर्षांपूर्वी गणिताच्या बाई आल्या आणि माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले. त्यांनी वर्गात एक पद्धत पाडली होती. तिला मुलं "खडू पुढे" म्हणत. कुणीतरी एकाने माझ्यापाशी येऊन गणित सुरू करायचं. अडलं की मागे वळायचं आणि ज्याला पुढचं सुचतंय त्याच्या हाती खडू द्यायचा. अडलेल्याने जागेवर जायचं नाही, तिथेच बाजूला उभं राहायचं. कधीकधी एका गणिताला माझ्यापुढे सात-आठ जण जमत. ढकलाढकली होई, माझ्या कडेला कोपरं लागत, तास संपला तरी गणित संपत नसे. अडणं ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या वर्गाला ठाऊकच नव्हतं.

मग तो आला.

चार माणसांनी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातून जपून बाहेर काढलं. मला आणलं तेव्हा दोघांनी उचलून भिंतीला आदळलं होतं, पण ते जाऊ दे. त्याचं नाव स्मार्ट बोर्ड. नावातच शहाणपणा लावून आलेला तो. मी त्याला चकचकीत म्हणतो. माझ्या भिंतीवर विजेची सोय नव्हती, ती मागच्या भिंतीवर होती. म्हणून त्याला तिथे बसवलं, आणि बाक फिरवले.

मित्रांनो, त्या दिवशी सकाळी अडतीस मुलं वर्गात आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. एकतीस वर्षांत मी मुलांच्या माना कधी पाहिल्या नव्हत्या. कुणाच्या मानेवर तीळ आहे, कुणाची कॉलर आतून फाटली आहे, हे मला तेव्हा कळलं. मुख्याध्यापक सर पाहुण्यांना वर्ग दाखवायला आले, "जुनं ते सोनं" म्हणाले आणि माझ्या खिळ्याला कॅलेंडर अडकवून गेले.

नव्याचे नऊ दिवस, अशी मी मनाची समजूत घातली. दहावा दिवस उजाडला. विसावाही उजाडला. त्याने मुलांना ज्वालामुखी दाखवला, समुद्राचा तळ दाखवला. एकदा धडधडणारं हृदय दाखवलं, आतून. तेच हृदय माझ्यावर काढायला विज्ञानाच्या सरांना अख्खा तास लागायचा आणि शेवटी ते बटाट्यासारखं दिसायचं. त्या दिवशी मीसुद्धा बघत राहिलो. हे कुणाला सांगू नका.

एकदाच तो बंद पडला. पडद्यावर एक गोल गरगर फिरत राहिला आणि मला गुदगुल्या झाल्या. बाई माझ्याकडे आल्या, कॅलेंडर बाजूला केलं, खडू शोधला. मुलांनी माना वळवल्या. मी अंग ताठ करून उभा. पाच मिनिटांत एक जण मान चोळत म्हणाला, "बाई, तो चालू झाला का बघू का?"

माझं जळणं एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट मी सांगितलीच नसती. पण त्याच्याबरोबर एक नवी पद्धत आली. प्रत्येकाच्या हाती चार बटणांचं एक छोटं यंत्र आलं. पडद्यावर प्रश्न आणि चार उत्तरं येत आणि वीस सेकंद उलटे मोजले जात. बरोबर उत्तराला गुण, लवकर उत्तराला जास्त गुण, आणि शेवटी सगळ्यांच्या नावांची यादी, वरून खाली. मुलं दाबत असतानाच पडद्यावर चार रंगीत खांब उंच होत जात. जितक्या जणांनी ते उत्तर दाबलं, तितका तो खांब उंच.

मागून बघणाऱ्याला फार दिसतं. पहिल्या आठवड्यात मुलं प्रश्न वाचत. तिसऱ्या आठवड्यात ती खांब वाचू लागली. वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे सुसाट म्हणत. तो प्रश्न अर्धाच वाचून बटण दाबायचा. त्याचा खांब हलला की बाकीचे भराभर त्यावर चढत. आता अडतच कुणी नव्हतं, आणि बाजूला उभं राहायचाही प्रश्न उरला नव्हता.

फक्त एक मुलगी अडत होती. तिचं अक्षर इतकं बारीक की सगळे तिला मुंगी म्हणत. पूर्वी ती पहिल्या बाकावर, अगदी माझ्यापुढे बसायची. बाक फिरल्यावर ती शेवटची झाली. ती प्रश्न वाचायची, मग वहीत काहीतरी काढायची, आणि तोवर वीस सेकंद संपायचे. आठ आठवडे यादीत तिचं नाव तळाला होतं. मधल्या सुट्टीत पोरं म्हणत, "मुंगे, निदान काहीतरी दाब की." हळूहळू तिने हात वर करणं सोडलं. मग वर बघणंही सोडलं.

पण मित्रांनो, मुंगी माझी होती. तिचे बाबा शाळेची गाडी चालवत. शाळा सुटली की पहिल्या फेरीत ते लांबची मुलं सोडून येत आणि तोवर अर्धा तास ती वर्गात एकटी थांबे. शिपाईमामा तिला खडूचे तुकडे देत. दिवसभर जे राहून गेलं ते ती त्या अर्ध्या तासात माझ्यावर काढे. चुके, खोडे, पुन्हा काढे. गाडीचा हॉर्न वाजला की सगळं स्वच्छ पुसून पळे. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवसभर माना सहन करत होतो. ती पुसून जाई याचा मला आनंदच होता. चकचकीतला काही कळता कामा नये. तिची हुशारी माझ्याच जवळ राहावी, असं मला मनापासून वाटे.

मग एका संध्याकाळी मुख्याध्यापक सर आणि बाई वर्गात बोलत उभे राहिले.

"यादीतले खालचे सहा जण सोमवारपासून जिन्यामागच्या खोलीत बसतील," सर म्हणाले. "वेगळी तुकडी. त्यांच्याच भल्यासाठी."

"सर, ही यादी नुसता वेग मोजते."

"आजकाल वेगच लागतो, बाई. तुमच्याकडे दुसरं काही मोजमाप असेल तर दाखवा."

बाईंकडे नव्हतं. माझ्याकडे होतं, पण ते रोज पुसलं जात होतं.

शुक्रवारी पडद्यावर प्रश्न आला. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? सुसाटने दुप्पट दाबलं. खांब भराभरा वर गेला. मुंगी सोडून सदतीसच्या सदतीस त्यावर चढले. पडद्याने लाल फुली दाखवली, हिरव्या अक्षरांत "चौपट" असं लिहिलं आणि पाच सेकंदांत पुढचा प्रश्न आणला. चौपट का, हे कुणी विचारलं नाही. मुंगीने तेवढा प्रश्न वहीत उतरवून घेतला.

शाळा सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. तिने एक चौरस काढला, त्याला चिकटून तेवढाच दुसरा काढला आणि खाली लिहिलं, दुप्पट. मग बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. मग त्या शब्दावर एक तिरकी रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं, "एकच बाजू वाढली. हा आयत झाला." खाली नवा चौरस काढला, दोन्ही बाजू वाढवल्या आणि आत चार घरं पाडली. तेवढ्यात हॉर्न वाजला. गाडी त्या दिवशी लवकर आली होती. ती दप्तर उचलून पळाली, आणि पुसायचं राहिलं.

मामा फडका भिजवून आले. पुसा मामा, मी म्हणत होतो. सोमवारी तिला दुसऱ्या खोलीत नेणार आहेत हे मला माहीत होतं. तिथे चकचकीत नाही, हेही मला माहीत होतं. अर्धा तास ती माझ्याकडे येतच राहिली असती. मामांचा हात माझ्या कडेला लागला होता आणि चष्म्याचं घर विसरलेल्या बाई दारात आल्या.

"मामा, थांबा. हे कुणी काढलंय?"

"तुमची मुंगी. रोज काढते. रोज पुसूनही जाते बिचारी."

बाईंनी माझ्यावरचं सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता बाक फिरणार. त्यांनी मोबाइल काढला आणि माझा फोटो घेतला. आठवण म्हणून असेल, मी फुगलो.

सोमवारी पहिल्याच तासाला, ते सहा जण जिन्यामागे जाण्याआधी, तो फोटो चकचकीतच्या तोंडावर झळकला. माझा काळा रंग, माझ्यावरचा खडू, माझी मुंगी, सगळं त्याच्याकडे. मित्रांनो, माझा किती जळफळाट झाला ते मला सांगता येत नाही.

बाईंनी दोन बोटांनी फक्त वरची आकृती मोठी केली. "ही बघा. बरोबर आहे?"

"चूक," सगळे ओरडले आणि हसले. मुंगीची मान खाली गेली. मला मागून ती स्पष्ट दिसत होती.

"चौपट उत्तर आहे, बाई," सुसाट म्हणाला.

"का?"

"स्क्रीनने सांगितलं ना."

आता त्यालाच सगळे हसले. सुसाट पडद्याकडे बोट करून म्हणाला, "हसताय काय? शुक्रवारी आपण सगळ्यांनी हेच तर दाबलं होतं."

बाईंनी फोटो वर सरकवला. तिरकी रेघ आली, बारीक अक्षरातली ओळ आली, मग चार घरांचा चौरस आला.

"हे कुणी समजावून सांगेल?" बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही.

मुंगी उठली. दोन्ही हात फ्रॉकला पुसत पुढे गेली आणि पडद्यापाशी वळून उभी राहिली. सगळ्या वर्गात माझ्याकडे तोंड असलेली ती आणि बाई, दोघीच. वाटलं, एकदा तरी माझ्याकडे बघेल. ती मुलांकडे बघत होती.

"मला पण आधी दुप्पटच वाटलं होतं," ती म्हणाली. "मग काढून बघितलं."

"तिप्पट केली तर?" सुसाटने विचारलं.

"थांब, काढून बघू."

आणि तिने त्याच्यावर काढलं. बोटाने. हाताला खडूची भुकटीसुद्धा लागली नाही. चार-पाच जण उठून तिच्याभोवती जमले, मग आणखी चार. नऊ घरं मोजताना त्यांची ढकलाढकली झाली. मी हे सगळं पाठमोरं पाहिलं.

आठ आठवडे मी चकचकीतला नावं ठेवत होतो. त्याने तिला तळाला टाकलं, हे खरंच होतं. पण मला ती माझ्यासाठी हवी होती. ती शिकते आहे हे कुणाला कळो न कळो, मला फिकीर नव्हती. म्हणून मी मामांना पुसा म्हणत होतो. त्या यादीत आणि माझ्यात तेवढ्यापुरता काही फरक नव्हता.

बाईंनी तोच फोटो मुख्याध्यापकांना दाखवला. सहाही जण आमच्याच वर्गात राहिले. यादी बंद झाली, सेकंद मोजणं थांबलं, आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत खांब झाकलेले राहतात. बाक मात्र तसेच आहेत. मुंगी आता संध्याकाळी माझ्याकडे येत नाही. सुसाट आणि आणखी दोघं तिच्याबरोबर व्हरांड्याच्या पायरीवर गाडीची वाट बघतात. त्यांचं भांडण मला दारातून ऐकू येतं. तो म्हणतो "सांग की पटकन", ती म्हणते "पटकन नाही सांगणार".

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायची आम्हा वस्तूंची रीत आहे. मला कोरड्या फडक्याने पुसा, माझ्यावर चिकटपट्टी लावू नका, कॅलेंडरला दुसरा खिळा शोधा. आणि समोर एखादा खांब उंच होताना दिसला तर त्याच्यावर चढण्याआधी एकदा काढून बघा. कागदावर काढा, मातीत काढा. त्या चकचकीतवर काढलंत तरी चालेल. मला हेवा वाटेल, तो वाटू द्या. माझ्या हेव्यापायी कुणी जिन्यामागच्या खोलीत जायला नको.