रूथची बाजू

मी दीना, दानीएलची थोरली बहीण. माझं तोंड तिखट हाय, गल्लीत कुणालाबी विचारा. पण त्या रविवारी मी तोंड सोडलं ते उगाच न्हाई.

दानीएल शाळामास्तर हुता, आता रिटायर. त्याची बायको रूथ गेली, तवापासून आमी दोघं बहीणभाऊ, त्याचा मुलगा मार्क आन सून प्रार्थना, असे एका घरात राहतो. रविवारी उपासनेहून आला की दानीएल हॉलमधल्या खुर्चीत बसायचा आन एकच रेकॉर्डिंग लावायचा. आमच्या चर्चच्या गायनाचं. मार्कनं कॉलेजात असताना केलेलं. त्यात रूथचा आवाज हाय. दुसरीकडं कुठंच न्हाई, त्या बाईला फोनवर बोलायचीबी लाज वाटायची. समोर दोन उंच जुने स्पीकर आन त्यांच्याकडं तोंड करून हा. गाणं संपेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं न्हाई.

मार्कला होम थिएटर पाहिजे हुतं. हॉल एकच, म्हणून त्यानं ठरवलं, दोन्ही एकातच बसवू. जुने स्पीकर पुढं तसेच ठेवायचे, टीव्हीखाली एक नवा, मागं दोन, आन कोपऱ्यात धमधम करणारा डबा.

"पप्पा, तुमच्या गाण्याला पुढचे दोनच वाजतील. बाकीचे गप्प. फक्त एक बटण दाबायचं."

दानीएलनं मान हलवली. पोराचं मन मोडायला त्याला जमत न्हाई.

नगरहून हे सगळं बसवणारा माणूस आला, वाटेत घोडेगावच्या बाजाराच्या गर्दीत अडकून उशिरा. जोडता जोडता म्हणाला, "पुढच्या दोन्ही वायरी उलट्या हायेत. डाव्याची उजव्याला. कुणी केला हा उद्योग?"

"पप्पांनीच केला असेल," मार्क हसला. त्या माणसानं वायरी सरळ केल्या आन पिक्चर लावला. पडद्यावर डावीकडून ट्रक आला, आवाजबी डावीकडूनच आला. प्रार्थनानं टाळ्या वाजवल्या. मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी दानीएल खुर्चीत बसला. गाणं सुरू झालं आन तो ताडकन उठला.

"बंद कर. काढून टाक सगळं. माझे स्पीकरबी काढ."

खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जेवला न्हाई. पुढच्या रविवारी हॉलमधी आलाच न्हाई, उपासनेहून आला तो भिंतीकडं तोंड करून पडला. मार्क रडकुंडीला आला. "आत्या, आवाज पहिल्यापेक्षा साफ येतोय. यांना झालं तरी काय?"

मी दार ढकललं. "दान्या, लहान हायेस का? काय ते बोल एकदाचं."

भिंतीकडं बघतच तो म्हणाला, "अक्का, ती उजवीकडं गेली."

मला काय कळंना. मग हळूहळू सांगितलं त्यानं. आमच्या चर्चमधी आत शिरलं की बाया डाव्या हाताला बसत्यात, बाप्ये उजव्या. जल्माची रीत हाय. पण रेकॉर्डिंग करताना मार्कनं डावा-उजवा असे दोन माईक ठेवले वेदीपाशी, लोकांकडं तोंड करून. तिथनं बाया उजवीकडं येत्यात. म्हणून दानीएलनं वायरी उलट्या केल्या आन रूथला तिच्या बाजूला आणलं.

"आता ती बाप्यांच्या बाजूनं गाती," तो म्हणाला. "कुणी दुसरीच बाई वाटती गं." आन माझा म्हातारा भाऊ हुंदके द्यायला लागला.

मार्क दारातच हुता. "पप्पा, सांगायचं की! आत्ता परत उलट्या करतो."

"मग तुझा ट्रक भलतीकडून येईल."

"येऊ दे."

"न्हाई. हौसेनं आणलंयस, नीट बघ."

"मग रेकॉर्डिंगच कॉम्प्युटरवर उलटं करून देतो."

"तिला हात लावायचा न्हाई," दानीएल ओरडला.

दोघं एकमेकांसाठी अडून बसले. माझं डोकं सटकलं. "चुलीत गेल्या तुमच्या वायरी! गाणं ऐकायला टीव्हीकडं तोंड कशाला लागतंय रे?" खुर्ची धरली, टीव्हीकडं पाठ करून ठेवली आन भावाला दंडाला धरून बसवलं. मार्कनं बटण दाबलं. उजवा स्पीकर आता त्याच्या डाव्या हाताला आला हुता, पाठीमागं.

दानीएल एकदम ताठ झाला. चर्चमधी त्याची जागा कायम पहिल्या बाकावर, रूथची बायांमधी पार मागं.

"अक्का, डावीकडं, आन मागं. इथंच बसायची ती. इतकी वर्सं मी तिला समोर ऐकत हुतो, तेबी चुकीचंच हुतं."

मग म्हणाला, "उपासनेत मी कधी मागं वळलो न्हाई. मास्तरानं बायांकडं बघितलं तर लोक काय म्हणतील? गाताना ती कशी दिसायची, मला ठाऊकच न्हाई. आता बघू का?"

"बघ की," मी म्हटलं. "तुझीच बायको हाय."

तो वळला. स्पीकर आन बंद टीव्ही, दुसरं काय असणार तिथं? तरी गाणं संपेपर्यंत त्यानं मान सरळ केली न्हाई. 'मान अवघडंल' असं मीबी त्याला बोलले न्हाई.